एका वाड्यात दोन बिऱ्हाडे

दोन भाऊ वाटण्या करून एकाच वाड्यात राहू लागले, म्हणजे त्यांची भांडणे कुठे होतात ठाऊक आहे? माजघरात होत नाहीत, स्वयंपाकघरातही होत नाहीत. कारण तिथे ज्याचा तो धनी असतो. भांडणे होतात ती दिंडीदरवाजापाशी, विहिरीच्या रहाटापाशी आणि जिन्याखालच्या अडगळीपाशी. खोल्यांची वाटणी करताना वीतभर जागेचासुद्धा हिशोब होतो; पण रात्री दरवाजाला कडी कोणी घालायची, जिन्यातला दिवा कोणी मालवायचा, हे वाटणीपत्रात कोणी लिहीत नाही. जे दोघांचे असते त्याविषयी काही ठरलेलेच नसते, आणि कलहाला तेवढी जागा पुरते.

या जुन्या सत्याचा नवा प्रत्यय मला एका लॅपटॉपवर आला.

लॅपटॉप आमच्या हिचा, २०१७ साली घेतलेला. आता, प्रत्येक संगणकाला एक कारभारी लागतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कळफलकावर पडलेले बोट ओळखायचे, पडद्यावर अक्षर उमटवायचे, कुठली वस्तू कुठल्या कोनाड्यात ठेवली ते ध्यानात ठेवायचे, ही सगळी कामे त्याची. हिच्या लॅपटॉपचा कारभारी विंडोज १०. त्याची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. म्हणजे कारभारी मेला असे नव्हे. तो कामावर येतच होता. पण घराच्या भिंतीला नवे भोक सापडले, तर ते फुकट बुजवून मिळण्याची सोय त्या दिवसापासून बंद झाली. वर्षभराची मुदतवाढ काही अटींवर मिळत होती. पण मुदतवाढ म्हणजे काही उपाय नव्हे. त्याच्या जागी यायचा तो विंडोज ११. त्याची अट अशी की, यंत्रातला प्रोसेसर इंटेलचा असेल, तर तो साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा हवा. आमचा सातव्या पिढीतला! ठरत आलेले लग्न एका गुणासाठी मोडावे, तसे झाले.

माझा भाचा या विषयातला जाणकार. तो फोनवर म्हणाला, "मामा, लिनक्स घाला. पैसे पडत नाहीत आणि जुन्या मशीनवर सुरेख चालतं."

लिनक्सचा जन्म मोठा गमतीचा आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हौसेखातर आपल्या यंत्रासाठी एक छोटा कारभारी रचायला घेतला आणि तो जगापुढे ठेवला. कोणीही यावे, पाहावे, दुरुस्त करावे! पंढरीच्या वाटेवर जशी दिंडीला दिंडी मिळत जाते, तशी त्याला माणसे मिळत गेली. त्याच घराण्यातला उबुंटू २००४ पासून लोकांच्या वापरात आहे. आम्ही त्यालाच बोलवायचे ठरवले.

पण हिने एक अट घातली. "नवा आणा, पण जुन्याला काढायचं नाही."

या अटीमागे हट्ट नव्हता. हिच्या आईला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. त्या गेल्या २०१९ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी हिने त्यांना समोर बसवून, फोनवर सत्तावीस वेळा त्यांचा आवाज धरून ठेवला होता. फोन पुढे पाण्यात पडला. आवाज उरला तो या लॅपटॉपात. शिवाय त्यातल्या निम्म्या ओव्या हिने टंकून काढल्या होत्या, पण त्या जुन्या वळणाच्या फॉन्टमध्ये. युनिकोड घरोघर येण्यापूर्वीचे ते फॉन्ट ज्या कार्यक्रमासोबत आले, त्यातच ते नीट वाचता येतात. दुसरीकडे उघडले की 'जात्यावर' या शब्दाच्या जागी टिंबे, कंस आणि डॉलरची चिन्हे नाचू लागतात. तो कार्यक्रम चालतो विंडोजवर. तेव्हा आईच्या ओव्यांसाठी जुना कारभारी हवा आणि बँकेच्या व्यवहारासाठी नवा. दोघांना एकाच यंत्रात नांदवणे भाग होते.

भाच्याला रविवारशिवाय सवड नव्हती. तोवर थांबावे कशाला, म्हणून ही लॅपटॉप एका दुकानात देऊन आली. दुकान कुठले, हे सांगण्यात हशील नाही. दोन दिवसांनी तो परत मिळाला, तेव्हा त्यावर एक निळा पडदा होता आणि तो अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागत होता. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, फॉरमॅट करावं लागेल. डेटा जाईल सगळा."

ही काही बोलली नाही. आईच्या आवाजाला 'डेटा' म्हणतात, हे तिला त्या दिवशी कळले असावे. "आहे तसाच द्या परत," एवढेच म्हणून ती घरी आली. त्या रात्री आमच्या घरात कोणी फारसे जेवले नाही.

रविवारी भाचा आला. त्याने पडदा पाहिला आणि पहिले वाक्य उच्चारले ते असे: "मामा, कुलूप बिघडलेलं नाही. कुलूप आपलं काम करतंय."

मग त्याने उलगडा केला. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत डिस्कवरचा सारा मजकूर सांकेतिक करून ठेवलेला असतो. या कुलपाचे नाव बिटलॉकर. त्याची किल्ली असते टीपीएम नावाच्या एका चिपेच्या पोटात. यंत्र सुरू होताना ती चिप देवडीवरच्या जुन्या पहारेकऱ्यासारखी सगळीकडे नजर टाकते. नेहमीची माणसे, नेहमीची वहिवाट दिसली, तर किल्ली मुकाट्याने पुढे करते. काही बदललेले दिसले, की म्हणते, "मालकाला बोलवा." लॅपटॉपात 'सिक्युअर बूट' म्हणून एक तपासणी असते, सुरू होऊ पाहणारा कारभारी ओळखीच्या सहीशिक्क्याचा आहे ना, हे ती पाहते. त्याशिवाय लिनक्स चालत नाही अशा समजुतीने दुकानातल्या मुलाने ती बंद केली होती. वास्तविक उबुंटूजवळ तो शिक्का कित्येक वर्षांपासून आहे! आणि एवढ्यावर न थांबता त्याने चिपेच्या पोटातल्या किल्ल्याही पुसून टाकल्या होत्या. त्यामुळे तपासणी पूर्ववत चालू केली, तरी किल्ली कुठून येणार?

"पण जादा किल्ली असते," भाचा म्हणाला. "मामी, लॅपटॉप घेतला तेव्हा त्यावर खातं उघडलं होतंत ना? हे कुलूप खात्याबरोबर आपोआप लागलं असेल, तर त्याची एक किल्ली त्या खात्यात जमा होते. पासवर्ड आठवतो का?"

ही उठली आणि दुधाच्या हिशोबाची वही घेऊन आली. २०१७ सालच्या वहीच्या शेवटच्या पानावर, गॅसच्या ग्राहक क्रमांकाखाली, तो तिच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता. दुधाच्या जुन्या वह्या रद्दीत का घालत नाहीस, म्हणून घरातल्या सर्वांनी तिला आजवर छेडले आहे. त्या दिवसापासून तो विषय कोणी काढत नाही.

भाच्याने आपल्या मोबाइलवर खाते उघडले. निळ्या पडद्यावर कुलपाचा ओळख क्रमांक दिला होता. त्याची पहिली आठ अक्षरे खात्यातल्या नोंदीशी जुळली. त्याने अठ्ठेचाळीस आकडे कागदावर उतरवले. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. त्यात एक सोय आहे: प्रत्येक गट अकराने भागला जातो. लिहिताना चूक झाली तर पकडता यावी म्हणून ही योजना.

हे ऐकताच आमच्या हिने चष्मा लावला. तिने शाळेत वर्षानुवर्षे गणित शिकवले आहे. अकराची कसोटी तिच्या जिभेवर असते: एकाआड एक आकड्यांच्या बेरजा करा, त्यांतला फरक शून्य किंवा अकराच्या पटीत आला, तर संख्येला अकराने भाग जातो. तिने पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. पहिले चार गट बरोबर. पाचवा होता २८४७७३. "दोन, चार, सात तेरा. आठ, सात, तीन अठरा. फरक पाच. नाही भागला जात." तिने कागद डोळ्यांजवळ नेला. "अरे, हा पाचवा आकडा सात आहे की एक?" भाच्याने मोबाइल पाहिला. एक होता, त्याच्या अक्षरात त्याला शेंडी फुटली होती. "मग दोन, चार, एक सात. फरक अकरा. आता घाल!"

मी आकडे घातले. शेवटचा आकडा घालून बटण दाबले आणि पडद्यावर नेहमीचा हिरवा डोंगर उगवला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हिने कानांत यंत्र घातले, पहिली फाईल उघडली आणि पाठमोरी होऊन ती शेवटपर्यंत ऐकली. भाचा आणि मी उगाच चहाची भांडी विसळत उभे राहिलो. सगळे सत्तावीस आवाज एका वेगळ्या डिस्कवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवून झाल्यावरच तिने आम्हांला परवानगी दिली. "आता तुमचा काय तो वाद्यमेळ बसवा."

तो बसवताना जी विघ्ने आली, ती क्रमाने सांगतो. कोणाच्या घरी हाच प्रसंग आला तर उपयोगी पडतील.

प्रथम कुलूप रीतसर काढले. सांकेतिक मजकूर परत सरळ करायला काही तास लागतात. तोवर चार्जर काढू नये, हे इतके साधे आहे की कोणी सांगत नाही.

मग वाटणी. डिस्कच्या भाषेत तिला पार्टिशन म्हणतात. आपल्याकडे या शब्दाचा वेगळा अर्थ सांगायला नको. विंडोजच्या ताब्यातली साठ गिगाबाइट जागा आम्हांला उबुंटूसाठी हवी होती. डिस्कवर रिकामी जागा त्याहून जास्त होती. पण विंडोज अकराच्या वर सोडायला तयार होईना. कारण असे की, काही वस्तू त्याने खोलीच्या नेमक्या मधोमध मांडून ठेवलेल्या असतात आणि त्या हलवता येत नाहीत. त्यांतली एक मोठी वस्तू म्हणजे त्याच्या झोपेची वळकटी! २०१२ सालच्या विंडोज ८ पासून अशी रीत आहे की, आपण यंत्र बंद केले, तरी कारभारी पुरता झोपत नाही. सकाळी लवकर उठता यावे म्हणून मनातले सारे एका फाईलमध्ये लिहून ठेवतो आणि नुसते डोळे मिटतो. वळकटीमुळे जागा तर अडतेच. शिवाय अशा अर्धवट झोपेत असलेल्याच्या खोलीत दुसऱ्या कारभाऱ्याने जाऊन वस्तू हलवल्या, तर जागा झाल्यावर त्याचा गोंधळ उडतो आणि फायली बिघडू शकतात. म्हणून लिनक्स अशा वेळी त्या खोलीत एक तर शिरत नाही, किंवा शिरलाच तर कशाला हात लावत नाही. आम्ही हायबरनेशन ही सोयच बंद केली. वळकटी गेली, साठ गिगाबाइट सुटले, आणि झोपेचा प्रश्नही आपोआप मिटला. एका काढ्यात दोन दुखणी गेली.

तिसरे विघ्न विचित्र होते. उबुंटूचा पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केले, तर नव्या कारभाऱ्याला डिस्कच दिसेना! डोळ्यांसमोर वाडा उभा आणि हा म्हणतो, इथे मोकळे मैदान आहे. डिस्कशी बोलण्याच्या दोन रीती असतात. एकीला रेड म्हणतात, दुसरीला एएचसीआय. लॅपटॉप बनवणाऱ्याने पहिली लावून दिली होती. उबुंटूला तिथे दुसरीच कळत होती. रीत बदलणे म्हणजे फर्मवेअरच्या यादीत एक खूण हलवणे. पण ती तशीच हलवली, तर विंडोज सुरू होताना अडखळतो, कारण त्याला जुनी सवय. उपाय असा की, विंडोजला आधी 'पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये उठ' असे सांगून ठेवायचे, मग रीत बदलायची. सेफ मोडमध्ये तो जपून एकेक पाऊल टाकतो, नव्या रीतीची ओळख करून घेतो, आणि मग त्याला नेहमीसारखा वावरू द्यायचे. नवी सून आली की सासूबाईंना आधी विश्वासात घ्यावे लागते, तसेच हे.

यानंतर उबुंटू अर्ध्या तासात घरात आला. भाच्याने विजयी मुद्रेने यंत्र पुन्हा सुरू केले, आणि सरळ विंडोज उघडला. नव्या बिऱ्हाडाचा पत्ताच नाही! पण तो कुठे गेला नव्हता. पूर्वीच्या यंत्रांत दाराशी एकच पायरी असे, आणि जो शेवटी येई तो आधीच्याला ढकलून तिच्यावर बसे. आताच्या यंत्रांत दाराशी एक छोटी ओसरी राखलेली असते. आमच्या लॅपटॉपात ती शंभर मेगाबाइटची आहे. तिथे प्रत्येक कारभाऱ्याचा वेगळा कोनाडा असतो. दोघांचे कोनाडे जागच्या जागी होते. फक्त देवडीवरच्या यादीत विंडोजचे नाव वर आणि उबुंटूचे खाली होते. फर्मवेअरमध्ये जाऊन नावांची अदलाबदल केली. तेव्हापासून यंत्र सुरू होताना दोन्ही नावे पुढे करते, दहा सेकंद वाट पाहते, आणि कोणी काही बोलले नाही तर नव्याला हाक मारते.

झाले सगळे, असे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ही विंडोज उघडून म्हणाली, "अहो, याच्या मते पहाटेचे साडेचार वाजलेत."

साडेपाच तासांचा फरक म्हटल्यावर आपल्या देशात कोणालाही अंदाज यावा. लॅपटॉपात एक लहानसे घड्याळ असते. यंत्र बंद असतानाही ते चालते. ते काटे फिरवते, पण आपण कुठल्या गावची वेळ दाखवतो हे त्याला ठाऊक नसते. विंडोजची परंपरा अशी की, त्या घड्याळात स्थानिक वेळ असते. लिनक्सची परंपरा अशी की, त्यात जागतिक वेळ ठेवायची आणि दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवायचे. दोन्ही रीती शहाणपणाच्याच. पण घड्याळ एक! रात्री उबुंटूने ते आपल्या रीतीने लावले. सकाळी विंडोजने ते आपल्या रीतीने वाचले.

यावरून मला जुन्या मुंबईची आठवण झाली. माझी नव्हे, वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली. १९०६ पासून देशात प्रमाणवेळ सुरू झाली, पण मुंबईने आपली वेळ सोडली नाही. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे. आगगाडीचे घड्याळ एक आणि गावातले दुसरे, अशी कित्येक वर्षे गेली. लोक लग्नाच्या आमंत्रणात वेळेपुढे 'स्टँडर्ड टाइम' की 'मुंबई टाइम' ते लिहीत म्हणे. म्हणजे भांडण घड्याळाचे नव्हतेच. कुठली वेळ म्हणायची, एवढे लिहिण्याची गरज होती.

आम्हीही तेच केले. उबुंटूला एका ओळीचा हुकूम दिला की, या घरात घड्याळ स्थानिक वेळेचे राहील. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात, तिथे ही रीत त्रासदायक होते. आपल्याकडे ती भानगड नाही. विंडोजला जागतिक वेळ शिकवण्याचाही मार्ग आहे. पण म्हाताऱ्याच्या सवयी बदलण्यापेक्षा तरुणाला समजावणे सोपे, असे हिचे मत पडले.

आता पाहा: कुलूप, झोप, डिस्कशी बोलण्याची रीत, दारावरचे नाव आणि घड्याळ. एवढी विघ्ने आली, पण त्यांतले एकही कोणाच्या खोलीच्या आत नव्हते. आपल्या खोलीत उबुंटू गुणी आणि विंडोजही गुणी. जे बिघडले ते सगळे सामाईक जागेत, आणि ते दुरुस्त झाले ते कोणाला हाकलून नव्हे, तर जे ठरलेले नव्हते ते ठरवून. दुकानातल्या मुलाला एकच उपाय ठाऊक होता: सगळे पुसून टाका. पुसून टाकले की तंटा मिटतो, हे खरेच. पण त्याबरोबर सत्तावीस ओव्याही जातात. पुष्कळ घरांत आणि घराबाहेरही हा उपाय सुचवणारी माणसे भेटतात. ती दुष्ट नसतात. त्यांना फक्त आत काय ठेवले आहे हे माहीत नसते.

हिने दुधाच्या चालू वहीत शेवटच्या पानावर कलमे लिहून ठेवली आहेत. बँक नव्या बिऱ्हाडात. जुन्याला इंटरनेट नाही. घड्याळ स्थानिक. ओव्यांच्या तीन प्रती, त्यांतली एक बहिणीच्या घरी. या वहीला रद्दीत जागा नाही.

सध्या रोज दुपारी ती विंडोज उघडून जुन्या फॉन्टमधली एक ओवी कागदावर उतरवते, मग उबुंटूत येऊन ती युनिकोडमध्ये टंकते, आणि आईच्या आवाजाशी ताडून पाहते. फॉन्ट बदलून देणारे कार्यक्रम आहेत. पण ते जोडाक्षरांत घोटाळे करतात आणि आईच्या तोंडचे शब्द ते काय ओळखणार, असे तिचे म्हणणे. नऊ ध्वनिमुद्रणे झाली आहेत, अठरा बाकी आहेत. परवा भाच्याने फोनवर विचारले, "मामी, आता विंडोज काढून टाकायचं का? साठ-सत्तर गिगाबाइट जागा सुटेल."

ही म्हणाली, "आधी अठरा होऊ देत. मग त्यालाच विचारू."